पाठवणी झाली, पुढे काय? मंडळीतून सेमिनरीला जाणाऱ्यासाठी आणि त्याला पाठवणाऱ्यांसाठी

जून महिन्यातला रविवार. उपासना संपते, पाळकसाहेब सेमिनरीला (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाला) निघालेल्या एका पोराला वेदीपुढे गुडघ्यावर बसवतात, वडीलमंडळी त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. महिला संघाकडून चादर आणि टॉवेल मिळतो, कुणीतरी पाकीट देतं, आई डोळे पुसते. संध्याकाळी पोरगा पुण्याची एसटी धरतो. लेकीची पाठवणी करावी तशी मंडळी त्याची पाठवणी करते, आणि लेक सासरी गेल्यावर आपण जसे निर्धास्त होतो तशीच निर्धास्तही होते. चार वर्षांत त्याला नियमाने फोन करणारा एकच माणूस असतो, खजिनदार. तोही फीची पावती मागायला.

नाशिकमध्ये पास्टरेट कमिटीवर (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर) मी बरीच वर्षं काढली. अशा पाठवण्या केल्या, परत आलेल्यांचं स्वागतही केलं. त्यातले काही आज उत्तम पाळक आहेत. काही दोन वर्षांत सेवा सोडून सातपूरच्या कंपनीत लागले. एक जण तर मंडळीत यायचाच बंद झाला. त्या वेळी आम्ही दोष सेमिनरीला दिला. आज मागे वळून पाहतो तेव्हा दिसतं की सेमिनरीने तिचं काम केलं होतं, आमचं काम आम्ही केलं नव्हतं. पुढे जे लिहितो ते बहुतेक अशा चुकांतून शिकलेलं आहे. माझा अनुभव चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या नाशिक धर्मप्रांतातला, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या मंडळ्यांतला. मेथडिस्ट, अलायन्स किंवा स्वतंत्र मंडळ्यांना थोडा फेरफार करून यातलं पुष्कळसं लागू पडेल. कॅथलिक गुरुविद्यालयांची रीत वेगळी आहे, तिच्यात मी शिरत नाही.

फॉर्म मागवण्याआधी एक वर्ष

पोरगा गिटार छान वाजवतो, संडे स्कूलच्या स्पर्धेत वचनं धडाधड म्हणतो, म्हणून त्याला सेमिनरीला पाठवा असं कुणी म्हणालं की मी गप्प बसतो. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढून बघा. अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याच्या, अंगी काय असावं याची तिथे यादी आहे. त्यात येणारं कौशल्य जवळजवळ एकच, शिकवता येणं. बाकी सगळं स्वभाव, घर, पैसा, राग आणि बाहेरच्या लोकांतली पत यांविषयी आहे. यातली एकही गोष्ट स्टेजवर दिसत नाही.

म्हणून वर्षभर त्याला अशी कामं द्या ज्यांना टाळ्या नाहीत. चर्चची किल्ली त्याच्याकडे सोपवा, रविवारी दार वेळेवर उघडतं का बघा. चौघांबरोबर दानपेटी मोजायला बसवा. सिव्हिल हॉस्पिटलात कुणी भरती असेल तर डबा घेऊन पाठवा आणि रुग्णाजवळ तो किती वेळ बसतो ते रुग्णाच्या घरच्यांना विचारा. लहान मुलांचा वर्ग सलग सहा महिने घेऊ द्या, कारण आठ वर्षांच्या पोरांसमोर सोंग टिकत नाही. एकदा मुद्दाम त्याचं म्हणणं कमिटीत फेटाळा आणि पुढच्या रविवारी तो चटया घालायला येतो का ते पाहा. ही शेवटची परीक्षा थोडी दुष्टपणाची आहे, हे मान्य.

याच वर्षात त्याच्या घरी जा, दोनदा तरी. आईवडिलांना वाटतं का की पोरगा बारावीनंतर कुठेच लागला नाही म्हणून हे चाललंय? तसं असेल तर आत्ताच कळलेलं बरं. लग्न ठरलं असेल तर त्या मुलीशी पाळकबाईंना बोलू द्या. पाळकाच्या बायकोने मंडळीत फुकट राबायचं असतं हे आपल्याकडे न सांगता गृहीत धरतात. तिला ते आधी कळू द्या, आणि नाही म्हणायची मोकळीकही द्या.

मुलींचं काय, असा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो, आणि दर वेळी कुणीतरी बायबलबाईंच्या (घरोघरी वचन सांगणाऱ्या बायकांच्या) जुन्या परंपरेचं कौतुक करून विषय मिटवतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. तेव्हा वर्षभराची परीक्षा त्यांचीही घ्या, संधीही तीच द्या.

कुठे शिकवायचं

इथे घाई नको. पहिला प्रश्न आपल्या धर्मप्रांताच्या कचेरीत विचारायचा: दीक्षेसाठी तुम्ही कोणती पदवी धरता? उत्तर लेखी घ्या. आमच्या एका उमेदवाराने तीन वर्षं कुठेतरी शिकून प्रमाणपत्र आणलं आणि मग कळलं की ते धरतच नाहीत. पोराची तीन वर्षं गेली, आणि खापर मात्र त्याच्याच डोक्यावर फुटलं.

ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पहिली निवासी. सेरामपूरच्या सीनेटशी (पदवी देणाऱ्या मंडळाशी) जोडलेल्या कॉलेजांत बी.डी. ही ईश्वरविज्ञानाची पदवी होते, साधारण चार ते पाच वर्षांची. (हे सेरामपूर बंगालमधलं, केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये सुरू केलेल्या कॉलेजचं. एका आजोबांनी नातवाला भेटायला नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचं तिकीट काढलं होतं, म्हणून सांगतो.) एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या संस्थांत बी.टी.एच. आणि एम.डिव्ह. या तशाच पदव्या असतात. नाशिककरांना जवळचं नाव म्हणजे युनियन बिब्लिकल सेमिनरी. ती १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत आली. तिथलं शिक्षण इंग्रजीतून आहे, याकडे पुढे परत येतो.

दुसरी वाट विस्तार शिक्षणाची. पेठ, सुरगाणा, कळवण भागातल्या मंडळ्या चालवणारे वडील (मंडळीचे पुढारी) शेतकरी असतात, घरात चार-पाच तोंडं असतात. त्यांना चार वर्षं हॉस्टेलात नेऊन बसवणं शक्य नाही, आणि नेलं तर मागे मंडळीच उरत नाही. हीच अडचण ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला आली होती. १९६३ मध्ये तिने शिक्षकच गावोगाव पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थी घरी अभ्यास करायचा, आपलं काम आणि सेवा चालू ठेवायचा, ठरावीक दिवशी शिक्षकाला भेटायचा. भारतात या पद्धतीसाठी १९७१ मध्ये बंगळुरूला टॅफ्टी ही संस्था उभी राहिली.

या पद्धतीचं वर्णन करताना टेड वॉर्ड या शिक्षणतज्ज्ञाने लाकडी कुंपणाची उपमा दिली होती. दोन आडव्या पट्ट्या, एक अभ्यासाची आणि एक प्रत्यक्ष कामाची, आणि ठरावीक अंतरावर दोन्हींना धरून ठेवणारे खांब म्हणजे भेटी. द्राक्षाच्या मांडवाचे अँगल आणि तारा रोज बघणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. दोन अँगलमधलं अंतर वाढलं की तार झोल खाते. भेटी दोन महिन्यांवर गेल्या की अभ्यास आणि काम दोन्ही लोंबकळतात.

आदिवासी पट्ट्यात वर्ग लावताना पंचांग नाही, शेत बघा. दिवाळीनंतर निम्मं गाव दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला जातं आणि शिमग्याच्या आसपास परततं. तेव्हा जानेवारीत शिबिर ठेवलं तर रिकाम्या सतरंजीला शिकवावं लागेल. शिमग्यापासून पेरणीपर्यंतचे दिवस आणि भाताची आवणी आटोपल्यावरचे काही आठवडे, एवढंच हाती असतं. हंगामात वर्गच बागेवर न्या. मजूर जिथे उतरलेत तिथे संध्याकाळी एक तास मिळतो. आणि कागदावर चालणारा अभ्यास सगळ्यांना जमत नाही. कोकणा बोलणाऱ्या एका वडिलांना लेखी परीक्षेत काही केल्या जमेना, तोंडी विचारलं तर त्यांनी रूथची गोष्ट अशी सांगितली की परीक्षकच पेन ठेवून ऐकत बसले.

मेंटॉर कोण, आणि कधीपासून

मेंटॉर, म्हणजे उमेदवाराची विचारपूस करणारा अनुभवी सोबती, पोरगा जायच्या आधीच जोडा. पोरगा हॉस्टेलात एकटा पडल्यावर शोधू म्हटलं तर तो ज्याला भेटेल त्याला धरतो, आणि तो भेटणारा बहुतेक वेळा यूट्यूबवरचा असतो.

इथे आम्ही सगळ्यात मोठी चूक केली होती. मेंटॉर म्हणून आम्ही पाळकसाहेबांनाच नेमलं. पण शिफारसपत्रावर सही त्यांची, दीक्षेबद्दल मत त्यांचं. ज्याच्या हातात आपली भाकरी आहे त्याच्यापुढे कोण म्हणेल की माझी प्रार्थना सहा महिने बंद आहे, किंवा वर्गातली एक मुलगी मला आवडते? तेव्हापासून नियम केला: ज्याचा निर्णयात हात आहे तो मेंटॉर नाही. निवृत्त शिक्षक, नर्स, बँकेतला एखादा शांत माणूस, जुने पाळक, कुणीही चालेल. ईश्वरविज्ञान यायलाच हवं असं नाही. नव्या करारातला अपुल्लो शास्त्रात निपुण होता, तरी त्याला बाजूला घेऊन मार्ग नीट समजावून सांगितला तो प्रिस्किल्ला आणि अक्विला या नवराबायकोने, आणि त्यांचा धंदा राहुट्या शिवायचा. मला तर अशी जोडपीच जास्त चांगली वाटतात. पोराला एक घर मिळतं, आणि घरात माणसं एकमेकांशी कशी बोलतात तेही दिसतं. उमेदवार मुलगी असेल तर मेंटॉर बाईच असावी किंवा जोडपं असावं.

सुरुवातीला एका कागदावर पाच-सहा ओळी लिहून दोघांनी सह्या करायच्या. किती वेळा भेटायचं (आम्ही पंधरवड्याला फोन आणि सुटीत प्रत्यक्ष भेट असं ठरवतो). काय बोललेलं बाहेर जाणार नाही. हे किती दिवस चालेल, म्हणजे परत आल्यावर दोन वर्षं, आणि नेमकं कोणत्या तारखेला संपेल. पटलं नाही तर दोघांपैकी कुणीही कारण न देता कमिटीला सांगून थांबू शकेल. गुप्ततेला एकच अपवाद, तो त्याच कागदावर लिहा: लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना सांगावंच लागेल. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते प्रत्येकावर बंधनकारक आहे, मेंटॉर असो की पाळक. चर्चची अब्रू जाईल, आपण आपसात मिटवू, हे वाक्य मी बैठकीत ऐकलंय. ते पुन्हा ऐकू येऊ नये म्हणून उमेदवाराला पहिल्याच दिवशी हा कायदा वाचायला देतो.

भेटीत काय बोलायचं? नवे मेंटॉर प्रवचन द्यायला लागतात, हा त्यांचा हमखास रोग. आमच्यातल्या एका अनुभवी बाई तीनच प्रश्न विचारतात: झोप लागते का? या पंधरवड्यात कुणाचा राग आला? आणि वर्गात ऐकलेल्या कोणत्या गोष्टीने तुझा विश्वास हलला? तिसरा फार महत्त्वाचा. मोशेच्या पाच पुस्तकांमागे अनेक हात आहेत हे पहिल्या वर्षी ऐकून कित्येकजण हादरतात. काहीजण मंडळीला अडाणी समजू लागतात, काही घाबरून पुस्तकच मिटतात. त्या वेळी "असं बोलू नये" म्हणणारा माणूस नको. त्याच्यासोबत महिनाभर तो प्रश्न घेऊन बसणारा हवा.

हॉस्टेलातली वर्षं

द्राक्षवाल्याला विचारा, माल कधी ठरतो? ऑक्टोबरच्या छाटणीला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एप्रिलची खरड छाटणी होते, त्यानंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्याच्या आत घड धरायचा की नाही ते ठरून जातं. तेव्हा वेलीवर नुसती पानं असतात, आणि उन्हाचा, पाण्याचा ताण चुकला तर ऑक्टोबरात कितीही खर्च केला तरी घडाच्या जागी नुसती बाळी (वेलीचा तंतू) निघते. सेमिनरीची वर्षं मला त्या एप्रिल-मेसारखी वाटतात. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून मंडळी लक्ष देत नाही.

लक्ष द्यायचं म्हणजे ठरवून काही कामं करायची. महिन्याला एका घराने त्याला पत्र किंवा मेसेज पाठवायचा, पाळी लावून. फी एकाच दात्याकडून घेऊ नका. एकच दाता असला की परत आल्यावर पोरगा त्याचा माणूस होतो, आणि कमिटीच्या निवडणुकीत ते दिसतं. थोडा भार घराने, थोडा मंडळीने, थोडा धर्मप्रांताने किंवा संस्थेने उचलावा.

सुटीत त्याला सरळ प्रवचनाला उभं करू नका. पहिल्या मे महिन्यात घरभेटी, दुसऱ्यात एका वस्तीवरची मंडळी, तिसऱ्यात शहरातल्या उपासनेची जबाबदारी, अशी चढण ठेवा. प्रत्येक सुटीच्या शेवटी मेंटॉर, पाळक आणि तो अशा तिघांनी एक तास बसायचं. सेमिनरीच्या फील्डवर्क अहवालात जे लिहिलंय आणि मंडळीने जे पाहिलंय ते शेजारी ठेवून बोलायचं. सेमिनरीच्या शिक्षकांना फोन करायला लाजू नका. उमेदवाराच्या मंडळीतून कुणी फोन करून विचारतंय याचं त्यांना नवल वाटतं.

आता भाषेचं. चार वर्षं इंग्रजी पुस्तकं, इंग्रजी पेपर. परत आलेला पोरगा बोलतो ते मराठी असतं, पण कानाला इंग्रजी लागतं. नुसता सराव हा उपाय नाही, सराव कुणासमोर करायचा हे महत्त्वाचं. दर सुटीत तीन संदेश त्याने कागद न घेता द्यायचे: एक मुलांना, एक अशा आजींना ज्यांना वाचता येत नाही, एक चर्चबाहेरच्या मित्राला, कॉलेज रोडवर चहा पिता पिता. आजींना कळलं नाही तर संदेश परत बांधायचा. नारायण वामन टिळक तेव्हाच्या अहमदनगरातल्या सेमिनरीत शिकवायचे आणि तेच अभंगही लिहायचे. शास्त्र आणि अभंग एकाच माणसात नांदू शकतात हे आपल्या घरातलं उदाहरण आहे. त्यांच्या लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या.

परत आल्यावर

शरणपूरच्या जुन्या कबरींशेजारून आपण रोज जातो, पण तिथली एक गोष्ट उमेदवारांना सांगत नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये शरणपूरची वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे वाढली, शाळा शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं शव त्या खंडाच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत आणि पुढे १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत पोहोचवणाऱ्यांत इथलाच जेकब वेनराइट होता. त्याच फळीतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ राबईला सेवेसाठी गेले. त्यांना डीकनची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा मिळाली १८८५ मध्ये. एकवीस वर्षं! काम सगळं त्यांच्याकडून करून घेतलं, अधिकार द्यायला एवढा काळ लावला.

आपल्याकडे आज एकवीस वर्षं लागत नाहीत, पण खोड तीच आहे. परत आलेल्याला "अजून लहान आहे" म्हणून खुर्च्या लावायला ठेवतात, किंवा याच्या उलट, दुर्गम भागातल्या पाच मंडळ्या एकदम गळ्यात मारून विसरून जातात. मधली वाट अशी:

पहिले तीन-चार महिने त्याने पाळकाबरोबर फिरायचं. अंत्यविधी, सलोख्याची बैठक, हॉस्पिटल, सगळीकडे. तो बघतो, परतताना गाडीवर प्रश्न विचारतो. पुढचे सहा महिने दोघांनी मिळून करायचं. त्यानंतर तो करतो आणि पाळक मागच्या बाकावर बसतात. मागच्या बाकावर म्हणजे खरंच मागच्या बाकावर, मान हलवत नाही, खोकत नाही. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतः एकाला हाताशी धरायचं. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात एकाच वाक्यात चार पिढ्या येतात: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती ज्यांना शिकवतील ते. तिसरी पिढी सुरू झाली की नाही, एवढंच दुसऱ्या वर्षअखेर तपासायचं.

सेमिनरीत फार न शिकवलेली काही कामं याच काळात हाताखालून जायला हवीत. लग्नाची नोंदवही भरणं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, खास परवानगी नसेल तर लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांच्या दरम्यानच लावायचं असतं. वरात उशिरा पोहोचली आणि नवरदेवाचे काका दरडावू लागले की हे कलम पाठ असलेलं बरं. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावा लागतो, हेही त्याने एकदा स्वतः जाऊन करावं. दानाचे पैसे कधीही एकट्याने मोजायचे नाहीत. चर्चच्या पैशासाठी स्वतःचं यूपीआय खातं वापरायचं नाही, पाचशे रुपयांसाठीसुद्धा.

चूक होणारच. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सेवेला निघालेला योहान मार्क पंफुल्यातून परत फिरला, पौलाने त्याला पुन्हा न्यायला साफ नकार दिला, बर्णबा त्याला घेऊन वेगळा निघाला. पुढे तोच पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. प्रत्येक उमेदवारामागे एक बर्णबा हवा, पण बर्णबाने पौलालाही ऐकून घ्यावं. पैशाची अफरातफर किंवा कुणाच्या शरीराला हात लावणं याला दुसरी संधी म्हणत नाहीत. रटाळ प्रवचन, फटकळ बोलणं, आजाऱ्याला भेटायचं राहून जाणं, यांना म्हणतात.

कधी कधी दोन वर्षांअखेर स्पष्ट होतं की हा माणूस पाळक नाही. शिक्षक आहे, अनुवादक आहे, होस्टेलचा उत्तम वॉर्डन आहे. ते मेंटॉरने आधी त्याला एकट्याला सांगावं, मग दोघांनी मिळून कमिटीला. आमच्यातला एक असाच आता मुलांची शाळा चालवतो. दीक्षा नाही घेतली म्हणून त्याच्या आईला वर्षभर लोकांनी विचारून बेजार केलं. तेव्हा मेंटॉरचं शेवटचं काम त्या आईकडे जाऊन बसणं हे होतं.

कागदावर लिहिलेली तारीख उजाडली की दोघांनी चहाला भेटायचं, आणि ठरलेलं संपलं असं मोठ्याने म्हणायचं. न म्हटल्यास मेंटॉर आयुष्यभर सल्ले देत राहतो. आमच्याकडे तो कागद उमेदवाराच्या हातात देतात, मागची बाजू कोरी असते. पुढच्या पंधरवड्यात त्या कोऱ्या बाजूवर त्याने स्वतः धरलेल्या माणसाचं नाव लिहून आणायचं.